पाण्यातली चाल

“ए, ते पाण्यातलं परत लाव गं.”

आजोबा हे म्हणाले तेव्हा मी सातवीत होते. मिरजेचं आमचं जुनं घर, मे महिन्याची सुट्टी, दुपारची वेळ. माजघरात टीव्ही, त्याला जोडलेला व्हिडिओ गेम आणि त्यात खुपसलेली पिवळी कॅसेट. कॅसेट नीट बसली नाही की पडद्यावर नुसत्या रेघा यायच्या. मग ती काढायची, तोंडाशी धरून फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. मामेभाऊ आणि मी आळीपाळीनं मारिओ खेळायचो. आजोबा त्याच खोलीत भिंतीला टेकून बसलेले असायचे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला ते पेटीची साथ करायचे. उरलेला आठवडा पेटी कोनाड्याखाली जुन्या खणानं झाकलेली. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. कान मात्र तिकडेच होते, हे आम्हाला त्या दुपारी कळलं.

‘पाण्यातलं’ म्हणजे दुसऱ्या जगातला दुसरा टप्पा. तो असा लावता येत नाही, तिथवर पोचावं लागतं. पहिलं जग पुरतं पार करायचं, नाहीतर भुयाराच्या छतावरून चालत जाऊन चोरवाटेचा नळ गाठायचा. मग दुसऱ्या जगातलं मैदान ओलांडायचं आणि तोवर निदान एक जीव शिल्लक ठेवायचा. आजोबांसाठी आम्ही दोघं त्या दुपारी जीव तोडून खेळलो. मारिओ पाण्यात उतरला, चाल सुरू झाली आणि आजोबांनी पेटीवरचा खण बाजूला केला.

“एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दादऱ्यात बसतंय की हे.”

डाव्या हातानं भाता, उजव्या हाताची बोटं सूर शोधताहेत. त्यांना चाल नीट ऐकता यावी म्हणून मामेभाऊ मारिओला पुढं नेईना. आम्ही ज्यांना ऑक्टोपस म्हणायचो ते पांढरे प्राणी चुकवत तो नुसता तळाशी तरंगत राहिला. वेळ संपत आली. शंभराच्या खाली आकडा गेल्यावर एक इशारा वाजतो आणि तीच चाल घाईघाईनं पुढं चालू होते. आजोबांचा हात थांबला.

“लय का वाढवली यानं?”

“वेळ संपत आलीय म्हणून.”

ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हा वाजवणारा तुमच्याकडं बघून वाजवतोय. साथ करतोय हा.”

तो ‘हा’ म्हणजे कोजी कोंडो. हे नाव मला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी कळलं, आणि ते आधी कळायला काही वाटच नव्हती. त्या खेळात कुणाचंच नाव येत नाही. राजकन्या सुटते, आभार मानते, झालं. मारिओच्या पुढच्याच वर्षी, १९८६ साली, त्याच मंडळींचा झेल्डाचा पहिला खेळ आला. त्याच्या शेवटी नावं येतात, पण टोपणनावं. संगीतकाराच्या जागी लिहिलंय ‘कोनचान’. आपल्याकडं घरातल्या धाकट्याला बाळ्या, बंड्या म्हणतात तशातलं हे लाडाचं नाव. जगभरातल्या पोरांच्या तोंडी ज्याची चाल बसली, त्याची सही एवढीच.

कोंडो यांचा जन्म १९६१ सालचा, नागोयाचा. पाचव्या वर्षापासून ते यामाहाचा इलेक्टोन शिकले. इलेक्टोन म्हणजे दोन पट्ट्यांचा, पायानंही वाजवायचा विजेवरचा ऑर्गन. जपानमध्ये मध्यमवर्गीय घरांतली मुलं तो शिकत, जशी आपल्याकडं पेटी. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोन हातांना दोन वेगळी कामं आणि पायांना तिसरं. एकट्या माणसानं तीन माणसांचं वाजवायचं, ही सवय हाडात मुरलेला मुलगा पुढं ज्या यंत्रापाशी जाऊन बसला, त्या यंत्राला नेमकं हेच हवं होतं. शिकत असताना ते जॅझ आणि रॉक वाजवणाऱ्या एका बँडमध्येही होते. पदवी मात्र संगीताची नाही. ओसाका युनिव्हर्सिटी ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी कलानियोजन हा विषय घेतला होता. तिथल्याच सूचनाफलकावर हे खेळ बनवणाऱ्या क्योतोच्या निंटेंडो कंपनीची जाहिरात त्यांनी वाचली आणि १९८४ साली ते तिथं रुजू झाले. खास चाली बांधण्यासाठी म्हणून त्या कंपनीनं घेतलेला हा पहिला माणूस. त्याआधी हिरोकाझू तानाकांसारखे अभियंतेच आवाजाचं बघत.

सुरुवातीला त्यांनी एका बॉक्सिंगच्या आर्केड खेळाचे आवाज केले. घरच्या यंत्रावर लोकांना स्वतः गाणी कशी बसवता येतील, याची माहितीपुस्तिकाही लिहिली. आणि मग मारिओ, सप्टेंबर १९८५. कोंडो तेव्हा चोवीस वर्षांचे होते.

त्या यंत्राबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. फॅमिकॉम नावाचं हे यंत्र जपानमध्ये १९८३ च्या जुलैत आलं. त्याच्या चिपमध्ये आवाजाचे पाच पट्टे, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाच वेगळे आवाज. दोन पट्टे चौकोनी लहरींचे, सनईसारखे टोकदार. एक त्रिकोणी लहरीचा, मऊ आणि खर्जाला बरा. एक नुसत्या खरखरीचा, ज्यातून झांज किंवा ताशासारखं काहीतरी काढायचं. पाचवा ध्वनिमुद्रित तुकडे वाजवण्याचा, तो मारिओत वापरलेलाच नाही. उरले चार. प्रत्येक पट्ट्यावर एका वेळी एकच सूर, म्हणजे पेटीवर तीन बोटं ठेवून आपण जो सहज भरणा करतो, तोही इथं मोजूनमापून करायचा. त्यात अख्खा खेळ, चित्रं, नियम, संगीत सगळं धरून, ४० किलोबाइट. आज फोनवर आलेलं शुभ सकाळचं चित्रही त्याहून मोठं असतं. त्यामुळं गाण्याचे तुकडे एकेकदाच लिहून ठेवायचे आणि कुठला तुकडा कशानंतर परत घ्यायचा याची यादी यंत्राला द्यायची. आपल्या भजनात धृपदावर परत येतात तशी ही ये-जा.

आणखी एक अडचण होती, तीच मला सगळ्यात सुंदर वाटते. मारिओनं उडी मारली की तो आवाज कुठून काढायचा? पट्टे तर तेवढेच. मग उडीच्या क्षणी एक चौकोनी पट्टा गाण्याकडून काढून घेतला जातो, नाणं घेतलं की दुसरा. काम झालं की परत. म्हणजे खेळणारा जितका उड्या मारतो, तितकं गाणं जागोजागी कापलं जातं. आणि तरीही कधी कुणाला ते कापल्यासारखं वाटलं नाही. सुर्र करून वर जाणारा उडीचा आवाज गाण्यातलाच वाटतो, कीर्तनात मध्येच टाळ्या पडाव्यात तसा. गाणं बांधतानाच त्यात दुसऱ्यासाठी जागा ठेवावी लागते, आणि तो दुसरा ती जागा केव्हा घेईल ते आधी माहीत नसतं.

आम्ही मिरजेत जे यंत्र वापरत होतो ते अर्थातच खरं फॅमिकॉम नव्हतं. त्याची नक्कल होती, भारतातल्या बहुतेक घरांत होती तशीच. खूप नंतर कळलं की अशा बऱ्याच नकली यंत्रांच्या चिपमध्ये चौकोनी लहरींच्या दोन जाती अदलाबदल झालेल्या असत. जिथं भरीव आवाज हवा तिथं पातळ, आणि पातळ हवा तिथं भरीव. म्हणजे कोंडो यांनी ऐकवायचा ठरवलेला नाद आमच्यातल्या कित्येकांनी लहानपणी ऐकलेलाच नाही. पुढं मूळ आवाज ऐकला तेव्हा मला क्षणभर तोच परका वाटला. चाल मात्र जशीच्या तशी. नाद बदलूनही जी ओळखू येते ती चाल पक्की, असं आजोबा गवळणींबद्दल म्हणायचे.

ती मैदानातली प्रसिद्ध चाल पेटीवर काढून बघा. काळी पांढरी कुठलीही पट्टी घ्या. ग ग, थांबा, ग, थांबा, सा ग, थांबा, प. मग मोठा श्वास आणि खाली मंद्रातला प. पाच-सहा सुरांत तीन ठिकाणी थांबणं आहे, आणि सगळा जीव त्या थांबण्यात आहे. रिकाम्या जागेत आपलं बोट, आपला पाय, काहीतरी हलतंच. पुढच्या ओळीत सा, प, ग असं मधल्या पायऱ्या सोडून खाली यायचं, आणि मग ध, शुद्ध नी, लगेच कोमल नी, परत ध. दोन्ही निषाद शेजारी शेजारी! त्या जागेवर आजोबा हसले होते. खमाजात दोन्ही निषाद असतात, पण आपण चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल घेतो. इथं हा पोरगा एका पावलात दोन्हीवर पाय ठेवून मोकळा होतो, घसरल्यासारखा. आणि मारिओ खरोखर असाच तर धावतो. थांबायला गेला की जरा घसरतो.

ही चाल काही एका झटक्यात आली नव्हती. खेळाचा सुरुवातीचा नमुना पाहून कोंडो यांनी जरा निवांत, रमतगमत जाणारी चाल बांधली होती. पडद्यावरही तेव्हा मोकळं रान आणि त्यात इकडंतिकडं फिरणारा मारिओ एवढंच होतं. पुढं मारिओ धावायला, उड्या मारायला लागला आणि चाल त्याच्या मागं पडू लागली. त्यांनी ती टाकून दिली आणि नव्यानं बांधली. पाण्यातली चाल मात्र आधीच तयार झाली होती. पाण्यात अंग जड होतं, हात मारला की माणूस वर येतो आणि आपोआप खाली जातो. तीन मात्रांचा झोका तिथं पहिल्यांदाच चपखल बसला असणार. भुयारात तर चाल म्हणावी असं फार काही नाहीच. सा आणि वरचा सा, ध आणि वरचा ध, कोमल नी आणि वरचा कोमल नी, आणि मग शांतता. तेवढ्या शांततेत आम्हा पोरांना भुयाराची भीती वाटायची.

२००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत कोंडो यांनी आपलं काम समजावून सांगितलं. लय, समतोल आणि खेळणाऱ्याला मिळणारा प्रतिसाद, या तीन गोष्टींवर त्यांचं बोलणं होतं. लय खेळणाऱ्याच्या हाताच्या लयीशी जुळली पाहिजे. संगतकारांना हे वेगळं सांगावं लागत नाही. भजनात बुवा कधी ताल चढवतील, कधी एका ओळीवर रेंगाळतील, कधी अर्धा अभंग सोडून गजर सुरू करतील, हे पेटीवाल्याला आधी ठाऊक नसतं. त्यांच्या मानेकडं, ओठांकडं बघत राहायचं. पण पेटीवाला निदान बुवांच्या शेजारी बसलेला असतो. कोंडो क्योतोत बसून मिरजेतल्या, लिमातल्या, लागोसमधल्या पोरांची साथ करत होते, त्यांना कधीही न बघता, त्यांनी खेळायला घेण्याच्या कित्येक वर्षं आधी. ती पोरं कुठं अडखळतील आणि कुठं सुसाट सुटतील, हे सगळं धरून.

झेल्डाच्या वेळची एक हकीकत मला फार आवडते. त्या खेळाच्या पहिल्या पडद्यासाठी कोंडो यांनी रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ‘बोलेरो’ ही रचना घ्यायचं ठरवलं होतं. चित्राला तिची लय बरोबर बसत होती. काम संपत आलं असताना कळलं की त्या रचनेचे हक्क अजून संपलेले नाहीत. वेळ उरलाच नव्हता. त्यांनी खेळातल्या मैदानासाठी बांधलेली स्वतःचीच चाल घेतली आणि एका रात्रीत तिला त्या पडद्यासाठी नवं रूप दिलं. आज लोक जिला झेल्डाची ओळख म्हणतात ती हीच. उधारीचं मिळालं असतं तर घरचं बाहेर काढावं लागलं नसतं.

पुढची दहा-बारा वर्षं मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात भरलेला काळ वाटतो. १९९० साली सुपर फॅमिकॉम आलं. त्यात आठ पट्टे होते आणि खरी वाद्यं वाटावीत असे आवाज. हात मोकळे झाल्यावर माणूस पसरतो. कोंडो उलट एका चालीला धरून राहिले. त्या वर्षीच्या मारिओत मैदान, भुयार, पाणी सगळीकडं मुळात एकच चाल आहे. कुठं ती बागडते, कुठं दबकत जाते, आणि पाण्यात शिरली की पुन्हा तीन मात्रांत झुलते. एका बंदिशीवर तासभर बसणाऱ्या गवयाच्या देशातल्या माणसाला याचं कौतुक वेगळं सांगायला नको. त्यातच मारिओ योशी नावाच्या डायनोसॉरच्या पाठीवर बसला की चालू गाण्याला बोंगोचा ठेका मिळतो, उतरला की ठेका गेला. गाणं थांबत नाही, नुसता कुणीतरी शेजारी येऊन बसतो आणि उठून जातो.

१९९६ च्या त्रिमितीतल्या मारिओत पुन्हा पाणी आहे. किनाऱ्यावर असताना नुसता विजेवरचा पियानो, एकटा. डुबकी घेतली की त्याच चालीखाली व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं पसरतात. खोल कपारीत शिरलं की ठेकाही येतो. मी हा खेळ तिशी उलटल्यावर, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या यंत्रावर पहिल्यांदा खेळले. पाण्यात उतरले, सूर पसरले आणि मी हातातलं रिमोट तसंच धरून किती वेळ नुसती तरंगत राहिले. आजोबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ‘ते पाण्यातलं परत लाव गं’ म्हणायला ते हवे होते.

आणि १९९८ चा झेल्डा. यात नायकाच्या हातात ओकारिना दिलीय, मातीची लहानशी फुंकवाद्याची जात. ती खेळणाऱ्यानं स्वतः वाजवायची, पाच बटणांवर पाच सूर. पहिला सूर सा धरला तर ते असे येतात: सा, कोमल ग, प, ध आणि वरचा सा. शिवरंजनीतून रिषभ काढून घ्या, हेच उरतं. एवढ्या चिमूटभर सामानातून कोंडो यांनी डझनभर सुरावटी केल्या, एकीसारखी दुसरी नाही. राजकन्येचं अंगाईगीत म्हणजे ध सां प, ध सां प. बस. लहान मूल पाळण्यात झुलावं तेवढ्याच तीन सुरांत ते झुलतं. वादळाची सुरावट आहे सा ग सां, सा ग सां, गंधार कोमल. ती वाजवली की खेळात पाऊस कोसळतो. मल्हार गाऊन पाऊस पाडल्याच्या कथा ऐकत मोठी झालेली मी, ते बघून अक्षरशः खुर्चीतून उठले. आपल्याकडं जी आख्यायिका आहे, ती तिथं बारा वर्षांच्या पोरानं बटणं दाबून घडवायची आहे, आणि सूर चुकला तर पाऊस नाही!

त्याच खेळात एक विस्तीर्ण माळरान आहे, ज्यातून खेळणारा पुन्हा पुन्हा जातो. तीच धून शंभरदा वाजली असती तर कान विटले असते. कोंडो यांनी आठ-आठ मात्रांच्या नव्हे, आठ-आठ आवर्तनांसारख्या मापांचे तुकडे बांधले आणि ते दर वेळी वेगळ्या क्रमानं लागतील अशी सोय केली. कुठल्याही तुकड्यानंतर कुठलाही आला तरी सांधा दिसू नये, असं प्रत्येक तुकड्याचं तोंड आणि शेपूट घडवायचं. शत्रू जवळ आला की तुकडे बदलतात, नायक थांबला की शांत होतात.

नंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण त्यांत त्यांचं स्वतःचं लिहिणं कमी होत गेलं आणि तरुणांच्या कामावर नजर ठेवणं वाढलं. पण २००७ च्या गॅलेक्सी या मारिओच्या खेळाची गोष्ट सोडवत नाही. माहितो योकोता या तरुण संगीतकारानं आधी दिलेल्या चाली कोंडो यांनी परत केल्या. मारिओ गोंडस आहे अशी कल्पना डोक्यात असेल तर ती काढून टाक, अशा अर्थाचं काहीतरी ते त्याला म्हणाले. मारिओ त्यांच्या लेखी रुबाबदार आहे. जाड्या, बुटका, मिशीवाला नळदुरुस्तीवाला, त्याला बावीस वर्षं साथ केलेल्या माणसाला तो असा दिसतो! शेवटी त्या खेळात पन्नासेक वादकांचा ऑर्केस्ट्रा आला आणि कोंडो यांनीही काही चाली दिल्या. चार पट्ट्यांवरून पन्नास वादकांवर.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची चाल घेतली. त्या यादीतलं हे पहिलं व्हिडिओ गेमचं संगीत. बातमी वाचली तेव्हा मी रिक्षात होते आणि घरी कधी पोचते असं झालं. त्या रात्री आजोबांची पेटी काढली. तिच्या भात्याला बारीक चीर गेलीय, जरा जास्त ओढावं लागतं.

बहिणीचा मुलगा माझ्याकडं राहायला आला होता, नऊ वर्षांचा. त्याला मी तो पहिला मारिओ लावून दिला, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि म्हटलं, तू खेळ, मी वाजवते. मैदानात जमलं. भुयारात जमलं. तो पडला की हात उचलायचा, तो उठला की पुन्हा सम पकडायची. मी दर वेळी पाव मात्रा मागं राहत होते, आणि त्याला ते लगेच कळत होतं.

“मावशी, मी उडी मारल्यावर तू वाजवतेस. आधी वाजव ना.”

मग नळातून तो दुसऱ्या जगात गेला. मैदान ओलांडलं. एकच जीव उरला होता. मारिओ पाण्यात उतरला, बुडबुडे वर आले, आणि मी पडद्यावरून नजर काढून त्याच्या अंगठ्याकडं बघत भाता ओढला.